पोटखराब : कोरड्या डोंगराच्या मातीतील अदृश्य वस्ती

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

आमच्या घरच्या सातबाऱ्यावर एक शब्द आहे, ‘पोटखराब’. अण्णा तलाठी कार्यालयातून उतारा घेऊन आले की तो वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असे. कारण घरात शाळेची पायरी नीट चढलेली मी पहिलीच. तेव्हा मला वाटे, माणसासारखे जमिनीचेही पोट बिघडते की काय! पुढे कळले की लागवडीस अयोग्य ठरलेल्या तुकड्याला महसूल खात्याने दिलेली ही संज्ञा आहे. आमचा असा तुकडा डोंगराच्या उतारावर, गायरानाला लागून आहे. वर वीतभर मुरूम, खाली काळा पाषाण. अण्णा त्याच्याकडे पाहतही नाहीत.

गतवर्षी हा शब्द पुन्हा कानावर आला तो ग्रामसभेत. गायरानाचा डोंगर चराईला कायमचा बंद करावा, असा ठराव काही मंडळींनी मांडला. हिवरे बाजारात चराईबंदी आहे, मग आपल्याकडे का नको, हा त्यांचा सवाल. दुसऱ्या बाजूला मेंढपाळ होते आणि त्यांत माझे मामाही होते (माझे आजोळ गावातच आहे). मामा म्हणाले, “त्या डोंगरात हायच काय? दगडं आन् कुसळ. मेलेली जमीन राखून कुनाचं भलं व्हनार?” गंमत अशी की बंदी मागणारेही तेच म्हणत होते. डोंगर मेला आहे, म्हणून तो बंद करा आणि झाडे लावा. दोन्ही पक्षांचे एकमत एवढ्या एकाच मुद्द्यावर होते. त्या दिवसापासून मला प्रश्न पडला की जमीन मेली म्हणजे नक्की काय झाले? तिच्यात कोण राहत होते, आणि ते कोठे गेले? मी कला शाखेची विद्यार्थिनी. सूक्ष्मजीवशास्त्राशी माझा संबंध नाही. परंतु ग्रंथालयात वाचलेले, प्राध्यापकांना विचारून घेतलेले आणि स्वतः माती उकरून पाहिलेले असे जे काही हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवते.

प्रथम प्रदेश. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर, तेथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, महादेव डोंगररांगेच्या आश्रयाला आमचा माण तालुका, आणि तेथे पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर! सह्याद्रीने अडवलेल्या ढगांच्या पाठीमागे हा पर्जन्यछायेचा पट्टा पसरलेला आहे. दोन्हीकडचा खडक मात्र एकच, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतलेला बेसॉल्ट. पावसाने तिकडे त्यातील क्षार धुऊन तांबडी, आम्लधर्मी जांभ्याची माती केली. इकडे क्षार जागच्या जागी राहिले आणि माती चुनखडीची, अल्कधर्मी झाली. हा फरक केवळ रंगाचा नाही. फिअरर आणि जॅक्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी २००६ साली उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतील ९८ ठिकाणच्या मातीची तुलना प्रसिद्ध केली. जिवाणूंचे वैविध्य कशावर ठरते, याचे सर्वांत चांगले गमक तापमानही निघाले नाही आणि पाऊसही नाही. ते निघाले मातीची आम्लता. त्यावरून पाहता आमच्या जिल्ह्याच्या दोन टोकांना, एकाच खडकावर, दोन अगदी निराळ्या अदृश्य वस्त्या असाव्यात.

वस्ती हा शब्द मी मुद्दाम वापरते. एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर मातीत काही कोटींपासून काही अब्जांपर्यंत जिवाणू असतात, शिवाय बुरशीचे तंतू, शेवाळे, आदिजीव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विनोग्राड्स्की, बायेरिंक आदी मंडळींनी यांतील काहींची कामे शोधून काढली. १८८८ साली बायेरिंकने कडधान्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू वेगळा करून वाढवला आणि हवेतील नत्र जमिनीत कसा येतो याचा उलगडा झाला. आपल्याकडे ‘हरभऱ्याचा बेवड चांगला’ हे शेतकऱ्याला तत्पूर्वीच ठाऊक होते, फक्त त्यामागचा कामकरी ठाऊक नव्हता. परंतु काचेच्या बशीत अन्न घालून जे वाढतील तेवढेच शास्त्रज्ञांना दिसत, आणि असे वाढणारे एकूण संख्येच्या सुमारे शंभरात एक. उरलेल्यांचा पत्ता अलीकडे मातीतून थेट डीएनए काढून वाचता येऊ लागल्यावर लागला.

आता कोरड्या डोंगराची गोष्ट. चैत्र-वैशाखात आमच्या डोंगराच्या उघड्या मुरुमाला हात लावला तर चटका बसतो. पृष्ठभाग पन्नास अंशांच्या पुढे जातो. त्यात सात-आठ महिने पाण्याचा थेंब नाही. अशा ठिकाणी कोण टिकेल? काही जिवाणू कडक कवचाचे बीजाणू करून झोपी जातात. काही आपल्या पेशीत शर्करेसारखे पदार्थ साठवून आतले उरलेसुरले पाणी धरून ठेवतात. अ‍ॅक्टिनोमायसीट नावाचा एक मोठा गट आहे, दिसायला बुरशीसारखा पण जातीने जिवाणू. कोरड्या, अल्कधर्मी मातीत त्यांचा चांगला जम बसतो. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४३ साली मिळाले ते याच गटातील एका मातीवासी जिवाणूपासून, आणि त्या कार्यासाठी वाक्समन यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वळवाचा पहिला शिडकावा होताच जो मातीचा वास सुटतो, त्यातही याच मंडळींनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा मोठा वाटा असतो. ज्या डोंगराला मामा मेलेला म्हणतात, त्याच डोंगरावरून पहिल्या पावसात तो वास गावात येतो, आणि मामाच सर्वांआधी म्हणतात, “आला बघा वास!”

त्या पहिल्या पावसात मातीत जे घडते ते मला सर्वांत अद्भुत वाटले. एच. एफ. बर्च या शास्त्रज्ञाने केनियात काम करताना १९५८ साली दाखवून दिले की सुकलेली माती पुन्हा भिजली की काही तासांत तिच्यातून कार्बन डायॉक्साइडचा लोट निघतो आणि पिकाला घेता येईल असा नत्र मोकळा होतो. सुकण्यामुळे मेलेले सूक्ष्मजीव, खुल्या झालेल्या ढेकळांतील सेंद्रिय पदार्थ, आणि जगलेल्यांनी पेशीत साठवलेली शर्करा हे सारे एकदम उपलब्ध होते. पाणी येताच तो साठा बाहेर टाकला नाही तर पेशी फुटते; म्हणून जगण्यासाठी तो टाकावाच लागतो, आणि शेजारी त्यावर तुटून पडतात. मृगाची पेरणी वेळेवर साधली पाहिजे, असे आमचे आजोबा म्हणत. पहिल्या ओलीबरोबर सुटणारा नत्र पिकाच्या कोवळ्या मुळांना मिळतो की पावसाबरोबर वाहून जातो, यावर बरेच अवलंबून असते. आजोबांच्या आग्रहामागे ओलीबरोबर हेही एक कारण असेल, असे आता वाटते.

परंतु प्रत्येक वेळी असा लोट निघाला की मातीतील कार्बनही थोडा खर्च होतो. तो पुन्हा भरून कोण काढणार? गवताची मुळे, पाचोळा, शेण, लेंड्या. येथे माणसाचा संबंध येतो. २०१५ साली माएस्त्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील ८० शुष्क ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शुष्कता वाढते तसतशी जिवाणू आणि बुरशी या दोहोंची संख्या व वैविध्य घटते, आणि ही घट बरीचशी मातीतील सेंद्रिय कार्बन कमी झाल्यामुळे होते, असे त्यात दिसले. पाऊस माणदेशाच्या हाती नाही. पण जमिनीवर काय ठेवायचे आणि काय नाही, हे गावाच्या हाती आहे. म्हणजे त्या कार्बनाचा काही भागही गावाच्या हाती आहे.

गायरानावर नीट पाहिले तर दोन गवतांच्या ठोंबांमधील मोकळ्या जागेत एक काळसर पापुद्रा दिसतो. आम्ही लहानपणी तो काटकीने उचकटायचो. हा पापुद्रा नील-हरित शेवाळ, बुरशी आणि दगडफूल यांचा बनलेला असतो. नील-हरित शेवाळाचे धागे आपल्याभोवती चिकट आवरण तयार करतात आणि मातीचे कण एकमेकांस बांधून टाकतात. त्यांतील काही जाती हवेतला नत्रही धरतात. पाणी पडताच काही मिनिटांत हे धागे जागे होऊन वर सरकतात आणि काळा पापुद्रा हिरवा दिसू लागतो. अमेरिकेतील कोलोरॅडो पठारावर या पापुद्र्याचा फार बारकाईने अभ्यास झाला आहे. वाळलेला असताना तो ठिसूळ असतो, खुराखाली त्याचा भुगा होतो, आणि पुरता भरून यायला कित्येकदा दशके लागतात. म्हणजे मामांच्या मेंढ्या दोषी ठरतात की काय? मलाही तसेच वाटले होते. पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही, हे पुढील खटाटोपात कळले.

आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा नाही. भूगोलाच्या सरांनी एक सोपी युक्ती सांगितली. सुती कापड म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. ते मातीत पुरावे आणि सूक्ष्मजीव त्याचे काय करतात ते पाहावे. बाजारातून दोन मीटर मांजरपाट आणले आणि वीतभर लांबीच्या अठरा पट्ट्या कापल्या. आई म्हणाली, “नवं कोरं कापड मातीत घालतीस व्हय गं? म्हाताऱ्याला बंडी झाली असती.” तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. मृग निघण्यापूर्वी सहा ठिकाणी तीन-तीन पट्ट्या चार बोटे खोल पुरल्या: म्हसोबाच्या राईत, गायरानातील गवताच्या ठोंबाशेजारी, मेंढरांच्या रोजच्या वाटेवर, आमच्या बाजरीच्या शेतात दोन जागी, आणि शेजाऱ्यांच्या उसात. बाजरीच्या शेतात दोन जागा अशासाठी की निम्म्या शेतात वैशाखात मामांनी चार रात्री मेंढरे बसवली होती, निम्म्यात नव्हती. राईत खणण्यापूर्वी गुरवांना विचारावे लागले. त्यांनी नारळ फोडायला लावला.

श्रावणात पट्ट्या काढल्या. दोन सापडल्याच नाहीत. राईतील पट्टीचे नुसते दोरे हाती आले, आणि दोऱ्यांना पांढऱ्या बुरशीचे जाळे. गवताशेजारच्या पट्ट्यांना जागोजागी भोके पडली होती. मेंढरांच्या वाटेवरची पट्टी डाग वगळता अखंड होती. धुतली असती तर आजोबांची बंडी खरोखरच झाली असती. बाजरीच्या शेतात जेथे मेंढरे बसली नव्हती तेथील पट्टी ओढल्यावर फाटली. जेथे बसली होती तेथील पट्टी उचलतानाच गळून पडली. एकच मेंढरू, डोंगराच्या वाटेवर खुराने वस्ती मोडते आणि शेतात लेंडी-मुताने वस्ती पोसते! चराई चांगली की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. किती, केव्हा, कोठे आणि नंतर जमिनीला किती विश्रांती, हे विचारल्याखेरीज त्याला उत्तर नाही.

माझा सारा अंदाज उसाने चुकवला. युरियाच्या गोणी पडणाऱ्या त्या शेतातील पट्टी राईतल्याइतकीच कुजून गेली होती. शेजारचे काका खूश होऊन म्हणाले, “म्हंजी आमची जमीन देवराईवानी!” सरांना विचारले तेव्हा त्यांनी मलाच उलट विचारले, कुजण्याचा वेग म्हणजे जमिनीचे आरोग्य का? विचार करता लक्षात आले की पट्टी प्रामुख्याने ओल मोजत होती. सतत पाणी आणि भरपूर नत्र मिळाला की झटपट वाढणारे जिवाणू फोफावतात. ते कापडही खातात आणि मातीतील कार्बनही. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील बाईंनी दोन्ही पट्ट्यांचे दोरे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. राईच्या दोऱ्यांवर बुरशीचे तंतू गुंतलेले होते. उसाच्या दोऱ्यांवर तंतू विरळ आणि बुळबुळीत थर जास्त. एका दोऱ्यावरून निष्कर्ष काढू नये, असे त्यांनी बजावले, म्हणून मी तो काढत नाही. मात्र नांगरट आणि रासायनिक खत यांनी बुरशीचा वाटा घटतो, हे अनेक देशांतील अभ्यासांत पुन:पुन्हा दिसलेले आहे.

यातही एका बुरशीविषयी सांगितलेच पाहिजे. १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक याने मुळे आणि बुरशी यांच्या भागीदारीला मायकोऱ्हायझा हे नाव दिले. बाजरी, ज्वारी, कांदा, आमची सारी गवते या भागीदारीत आहेत. झाड बुरशीला साखर पुरवते. बुरशी केसाहून बारीक तंतू लांबवर पसरून स्फुरद आणि काही प्रमाणात पाणीही आणून देते. कोरड्या मुरुमात, जेथे मूळ शिरत नाही अशा फटीत हा तंतू शिरतो. नांगराच्या प्रत्येक तासाबरोबर हे जाळे तुटते. बैलाचा नांगर चार-सहा बोटे जाई, ट्रॅक्टरचा पलटी नांगर हातभर जातो. शिवाय स्फुरदाचे खत भरपूर मिळाले की झाड बुरशीला साखर देणे आवरते घेते. घरात आयते आल्यावर गड्याला कोण ठेवील? पाऊस ताणतो त्या वर्षी मात्र हा गडी नसल्याचे जाणवते.

राहिला जातींच्या संख्येचा प्रश्न. जंगल मोडून शेती वा कुरण केले की सूक्ष्मजीवांच्या जाती कमी होतात, अशी माझी समजूत होती. ब्राझीलमधील अ‍ॅमेझॉन जंगलाचे कुरण झाले तेथील अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. प्रदेश ओला आहे, आमच्यासारखा नाही. पण त्यातील गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एकेका जागी पाहिले तर कुरणातील जिवाणूंच्या जाती कमी नव्हत्या, उलट जास्तच होत्या. घटला तो जागोजागचा फरक. जंगलात दहा ठिकाणी दहा वस्त्या होत्या. कुरणात सगळीकडे तीच. आमच्या आठवडी बाजाराचे तेच झाले आहे. दुकाने पूर्वीपेक्षा जास्त आहेत, पण म्हसवडला गेले काय आणि दहिवडीला गेले काय, माल एकच. गायरानात सावलीचा उतार, उन्हाचा उतार, ओघळ, दगडाचा आडोसा अशा जागा हाताच्या अंतरावर बदलतात. नांगरलेल्या, एकसारखे पाणी दिलेल्या शेतात हा बदल पुसला जातो. म्हणून पोटखराब तुकडा गावाच्या हिशेबात मोलाचा ठरतो, असे मला वाटते. शेतातून उठून गेलेल्यांपैकी काहीजण अजून तेथेच राहत असण्याचा संभव आहे.

२०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागली. आमच्याही घरी आहे. तीत बारा गोष्टी तपासलेल्या असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह वगैरे, आणि आम्लता, क्षारता, सेंद्रिय कर्ब. पत्रिका उपयोगी आहे यात शंका नाही. आमचा कर्ब अर्धा टक्क्याच्या आत आहे हे तीमुळेच कळले. पण त्या बारांत राहणाऱ्यांची मोजदाद नाही. घराच्या भिंती, कोठार आणि पाण्याची टाकी मोजून माणसे मोजायची राहून जावीत, तसे. गायरानाची तर पत्रिकाच नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी उठून बोलले. बाईमाणसाने, त्यातही पोरीने बोलण्याची आमच्याकडे फारशी रीत नाही; पाय कापत होते. कापडाच्या पट्ट्या सुतळीला बांधून नेल्या होत्या, त्या सर्वांच्या हातून फिरल्या. मेंढरांच्या वाटेवरची अखंड पट्टी पाहून एक म्हातारे म्हणाले, “हे कापड टिकलं, म्हंजी ही जागा ब्येस की!” सगळे हसले. मग त्यांनीच राईतले दोरे हातात धरून बराच वेळ पाहिले. मी इथिओपियाचे उदाहरण दिले. तेथील तिग्राई हा आमच्यासारखाच कोरडा डोंगराळ मुलूख. गावांनी मिळून काही उतार चराईला बंद केले, गवत कापून नेऊ दिले, आणि वर्षे गेली तसा मातीतील कार्बन व नत्र वाढल्याचे तेथील मोजण्यांत आढळले. पण तेथेही सारा डोंगर एकदम बंद झालेला नाही, हेही सांगितले. आणि बाजरीच्या शेतातील गळालेली पट्टी मामांच्या हातात दिली.

ठराव झाला तो असा: डोंगराचे तीन भाग करायचे, एकेक भाग दोन पावसाळे बंद, त्यात विळ्याने गवत कापायला मुभा, उरलेल्या दोन भागांत मेंढरांनी ठरलेल्या वाटांनीच चढायचे. पूर्ण बंदी मागणारे नाराज आहेत. मामाही खूश नाहीत. पहिला बंद भाग नेमका ओघळाजवळचा, त्यांच्या सोयीचा निघाला. “तुझ्या कापडानं माझी मेंढरं उपाशी ठिवली,” असे ते चार माणसांत म्हणतात. वैशाखात त्यांना अधिक दिवस कोकणाकडे राहावे लागेल, हे खरे आहे, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला समतल चर काढून गिरिपुष्प, म्हणजे आमच्याकडची उंदीरमारी, लावलेली आहे. तिच्या मुळांवर नत्राच्या गाठी येतात आणि पाला लवकर कुजतो; पण चर खणताना खालचा मुरूम वर आलेला आहे. तेथे पट्टी पुरायची राहून गेली. या वर्षी मांजरपाट तीन मीटर आणले आहे. एक मीटर आजोबांच्या बंडीसाठी आईने आधीच काढून घेतले.